तीन पायांची महालक्ष्मी

तीन पायांची वस्तू पडत नाही, असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा चौबे कॉलोनीतल्या बागेत एक निवृत्त इंजिनियर गृहस्थ हेच समजावून सांगत होते, आणि कोणाला, तर ज्यानं उभं आयुष्य हायस्कूलच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवलं त्या मला. तीन पायांची वस्तू डगमगत नाही, इतकंच खरं आहे. फरशी कितीही वरखाली असो, तीन पाय टेकतातच. चार पायांतला एखादा अधांतरी राहतो आणि टेबल खुडखुडतं. पण न डगमगणं वेगळं आणि न पडणं वेगळं.

हा फरक मला फळ्यावर ठाऊक होता, घरात नव्हता. त्यापायी माझ्या मोठ्या वहिनींच्या वाट्याला जे आलं, ते मला लिहून ठेवायचं आहे. तोंडी सांगून झालं आहे, पण आमच्या घरात तोंडी सांगितलेलं कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, मुलाचा फोन वाजतो, बायको म्हणते, "आधी औषध घ्या, मग बोला." म्हणून लिहितो.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. आजोबा रेल्वेत लागून रायपूरला आले आणि सोबत महालक्ष्म्या घेऊन आले. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. बसतात म्हणायची रीत आहे, प्रत्यक्षात दोघीही उभ्या असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. देवीचं धड म्हणजे पत्र्याची कोठी, खाली घेरदार, वर निमुळती, आतून पोकळ. तिच्यावर शाडूचा रंगवलेला मुखवटा. दोन्ही बाजूंना हात. मग साडी, दागिने, हार. साडी नेसवणं हे मोठं कौशल्याचं काम. आमच्या घरात ते आईनंतर वहिनींकडे आलं, कारण वहिनींच्या हातच्या निऱ्या अशा पडायच्या की पंडरीच्या बाजारातला साडीवालाही पाहत राहावा.

आई कोठीच्या पोटात गहू-तांदूळ भरायची. हल्ली काही लोक यावर मान डोलावून सांगतात, बघा, आपल्या पूर्वजांना गुरुत्वमध्य ठाऊक होता. यांचाही मला वैताग येतो. आईला गुरुत्वमध्य ठाऊक नव्हता. लक्ष्मीचं पोट रिकामं असू नये, एवढं तिला ठाऊक होतं. वजन खाली पडल्यामुळे कोठी भक्कम उभी राहायची, आणि ती का उभी राहते हे ठाऊक असलेला घरातला एकमेव माणूस मी होतो. तेव्हा पूर्वजांना श्रेय देण्यापेक्षा मला दोष देणं जास्त शास्त्रशुद्ध आहे.

झालं असं की आईच्या मागे काही वर्षांनी कोठ्यांची बुडं गंजून गेली. धान्यात सोंडे पडायचे. मी म्हटलं, हा गंजका पत्रा हवाय कशाला, मी नवीन स्टँड करून आणतो. अंगणात पाण्याचा माठ ज्या लोखंडी तिपाईवर असायचा, ती ओबडधोबड शहाबादीवरही कधी खुडखुडत नसे. तीच कल्पना मी उचलली. कागदावर आकृती काढली, बीरगावला एका वेल्डिंगच्या दुकानात जाऊन पातळ पाइपाचे दोन उंच स्टँड करून घेतले, प्रत्येकी तीन पायांचे. एक पाय पुढे, दोन मागे, म्हणजे पुढच्या पायाभोवती निऱ्या छान बसतील. दुकानदारानं आकृतीबरहुकूम काम केलं, त्याचा काहीही दोष नाही. स्टँड इतके हलके होते की एका हातानं उचलता यायचे. मी ते घरभर मिरवले. धान्य भरायला पोटच नव्हतं, म्हणून एका परातीत गहू काढून देवीपुढं ठेवायचं ठरलं.

वर्गात मी पोरांना सांगत असे की वस्तूचं सगळं वजन जणू एकाच बिंदूतून खाली ओढलं जातं, तो गुरुत्वमध्य. त्या बिंदूतून ओळंबा सोडा. तो पायांनी वेढलेल्या जागेत पडला तर वस्तू उभी, बाहेर पडला की आडवी. तीन पायांनी वेढलेली जागा त्रिकोणी असते, गोल कोठीच्या बुडापेक्षा कितीतरी लहान. वर मुखवटा, दागिने, ओले हार, म्हणजे वजन सगळं डोक्याशी, आणि खाली पोकळ पाइप. दहावीतल्या पोरानंही सांगितलं असतं. पण घरी आपली परीक्षा कोण घेतं?

ज्या वर्षी हे स्टँड आले, त्याच्या आदल्या वर्षी माझे मोठे भाऊ गेले. महालक्ष्म्यांना सवाष्णीनंच हात लावायचा, अशी आमच्याकडची रीत. आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, घरातली शेवटची मोठी. तिनं आधीच सांगून टाकलं की या वर्षीपासून धाकट्या सुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, साड्या नेसवायच्या. मला ते पटलं नाही. मी सगळ्यांसमोर ठणकावून म्हणालो, "वहिनीच नेसवतील. नवरा गेला म्हणून माणसाचे हात जात नाहीत."

आत्या म्हणाली, "सुधारून राहिला मोठा! पाह्य मग काय होते ते."

वहिनी स्वतः नको म्हणत होत्या. मी हट्ट धरला. त्या हट्टाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप पुढच्याचा आहे.

आवाहनाच्या संध्याकाळी वहिनींनी दोघींना नेसवलं. फार सुंदर दिसत होत्या. रात्रीची आवराआवर चालू असताना वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ही ज्येष्ठा डुलून राहिली जी थोडी. मले भेव वाटते."

"वहिनी, तीन पाय आहेत. तीन पायांचं डगमगत नसतं. शास्त्र आहे ते."

"असंल बापा," त्या म्हणाल्या.

सकाळी मी लवकर उठून फुलं घेऊन आलो तेव्हा पाहिलं, ज्येष्ठेच्या कंबरेला मागून एक नाडा बांधलेला होता आणि त्याचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला. कोणाचं काम ते विचारायची गरज नव्हती. घरात अजून कोणी उठलं नव्हतं. पूजनाचा दिवस, अर्धं गाव जेवायला येणार, त्यात माझ्या शाळेतले दोन मास्तर. त्यांच्यासमोर माझी देवी खिडकीला बांधलेली? मी नाडा सोडला, गुंडाळून खिशात घातला आणि हार घालायला घेतले. त्या वर्षी हारही जाडजूड आणले होते, शेवंतीचे, पाणी शिंपडलेले. ज्येष्ठेच्या उजव्या खांद्यावरून सोडले, कारण तिकडून पदर छान दिसत होता.

दुपारी नैवेद्य दाखवायची वेळ. घर माणसांनी भरलेलं. वहिनी ज्येष्ठेच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसून आंबिलीची वाटी ठेवत होत्या. उठताना त्यांनी आधारासाठी, ज्येष्ठा ज्यावर उभी होती त्या चौरंगाच्या कडेला हात टेकवला. चौरंग किंचित कलला, बोटाच्या पेराइतकाही नसेल. कोठी असती तर हलून परत जागेवर आली असती. भक्कम वस्तूचं लक्षणच ते, धक्का लागला तरी ती परत येते. माझी तीन पायांची ज्येष्ठा परत आली नाही. ती वहिनींच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या उजव्या पायाच्या मधून, सरळ कलंडली. मुखवटा फरशीवर आपटून फुटला.

आत्या बोलली.

"घ्या! कपाळ पांढरं आन् हात देवीच्या अंगावर! सांगत होती मी. आता भोगा."

कोणीतरी म्हणालं, पदर ओढला गेला. कोणी म्हणालं, नाही, धक्काच लागला. वहिनी तशाच गुडघ्यावर बसल्या होत्या, हातावर आंबील सांडलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शाडूचे तुकडे वेचत होतो. मान खाली घालायला ते काम सोयीचं होतं. काय झालं हे पडतापडताच माझ्या लक्षात आलं होतं, ओळंब्यासकट, आणि खिशातल्या नाड्यासकट. दोन्ही मास्तर दारात उभे होते. मी गप्प राहिलो. मनाशी म्हणालो, सगळे निवले की सांगू.

सगळे निवले आणि मी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी नागपूरहून पत्र्याच्या कोठ्या आणि नवा मुखवटा आणला, पोटात धान्य भरलं, बायकोनं साड्या नेसवल्या. का बदललं, कोणी विचारलं नाही. आमच्या घरात "त्या वर्षी वहिनींच्या हातून पडली" हे वाक्य इतकं रुळलं की लोक ते बोलता बोलता वरण वाढून घेऊ लागले. मी दर वेळी चिडायचो, ताटावरून उठायचो. लोकांना वाटायचं, मास्तर अंधश्रद्धेवर चिडतात.

वहिनींनी देवीलाच काय, शुभकार्यातल्या कशालाच हात लावणं सोडून दिलं. वाढायचं, चिरायचं, भांडी आवरायची. ओटी भरायची म्हटलं की स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. त्या आमच्याकडेच राहतात, म्हणजे हे सगळं रोज माझ्या डोळ्यांसमोर. आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण तिनं दिलेला निकाल कोणी बदलला नाही, कारण तो बदलण्याजोगं जे होतं, ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

या वर्षी आवाहनाच्या दिवशी ते निघालं. माझ्या मुलानं लग्न उशिरा केलं. सून इथलीच, हिंदी बोलणाऱ्या घरातली, गेल्या वर्षीच आली. बायकोच्या मनगटाला पट्टा बांधलेला, म्हणून साडी नेसवायला सूनबाई. निऱ्या काही केल्या जमेनात. कंटाळून तिनं विचारलं, "मम्मीजी, बड़ी मम्मी को तो इतना अच्छा आता है, वो क्यों नहीं करतीं?"

बायको म्हणाली, "त्यांच्या हातून एकदा पडली होती ना." पाणी उकळलं म्हणून सांगावं, इतक्या सहज.

दारात बसून अंबाडीची भाजी निवडत असलेल्या वहिनी म्हणाल्या, "हव बाई. मी नाही हात लावत."

मी म्हणालो, "वहिनींच्या हातून पडली नाही. माझ्या स्टँडमुळे पडली."

तुम्हाला वाटेल, घरात शांतता पसरली असेल. काही नाही. बायको म्हणाली, "झालं! सणाच्या दिवशी काय उकरून काढता?" मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, छोड़ो ना अब. कौन-सा केस चल रहा है?" सूनबाई म्हणाली, "कौन-सा स्टँड?" आणि वहिनी भाजीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "माझं मन राखाले बोलून राहिले भाऊजी. राहू द्या."

मन राखायला! इतक्या वर्षांनी तोंडातून खरं निघालं, तर त्याला दया समजतात. मी मुलाला गच्चीवर पिटाळलं. पाण्याच्या टाकीमागं ते दोन्ही स्टँड गंजत पडले होते. तो कुरकुरत एक घेऊन आला. मी चौरंग मांडला, पुढं गादी टाकली, स्टँड उभा केला, जुनी साडी गुंडाळली. डोक्यावर मुखवट्याऐवजी पाण्यानं भरलेला तांब्या बांधला, उजव्या खांद्याला हार म्हणून तांदळाची पिशवी. मग सूनबाईला म्हटलं, "चौरंगाच्या कडेवर हात टेक. जोरात नाही. उठताना टेकतो तसा."

स्टँड धाडकन गादीवर. तांब्यातलं पाणी माझ्या धोतरावर.

"अरे वा!" सूनबाई म्हणाली.

"वा काय त्यात!" मी ओरडलो. मग तीच तांदळाची पिशवी खांद्यावरून काढून खाली, पायांच्या मध्ये बांधली. तांब्या पुन्हा भरला. पुन्हा हात टेकायला लावला. या वेळी स्टँड नुसता हलला आणि जागेवर आला. मी दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा केला. पायांच्या खुणा खडूनं काढून त्रिकोण दाखवला. ओळंबा आत कधी, बाहेर कधी, सगळं. मुलगा व्हिडिओ काढू लागला होता. मला वाटतं, त्या अर्ध्या तासात मी आयुष्यातला सगळ्यात चांगला तास घेतला. बायकोसुद्धा मनगट धरून बघत होती.

वहिनी भाजी बाजूला ठेवून नीट पाहत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "समजलं मले. स्टँड कच्चा होता."

मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

"पण मले दिसलं होतं ना ते, भाऊजी," त्या पुढं म्हणाल्या. "म्हणूनच तर बांधली होती मी तिले. मागून नाडा बांधून खिडकीले. कोणाले सांगितलं नाही कधी. दुपारी पडली तेव्हा पाह्यलं, तर नाडा नाही. माझी गाठ सुटली असंल, कोणी उचलून फेकून दिला असंल. गाठ पक्की असती तर पडली नसती ती. तुमचं शास्त्र बरोबर आहे, पण चुकी माझ्याच हातची."

म्हणजे आत्याच्या बोलण्यानं नव्हे, त्या गाठीमुळे त्यांनी हात आवरला होता. विधवेचा हात वगैरे त्यांनी कदाचित मानलंही नसेल. आपली गाठ कच्ची निघाली, हे त्यांनी मानलं होतं.

खडू माझ्या हातात होता. इथं थांबता आलं असतं. स्टँडचा दोष मी कबूल केला होता, तोही थाटामाटात, आकृतीसकट. स्टँडची चूक ही हुशार माणसाची चूक असते, ती सांगताना फार लाज वाटत नाही.

"गाठ सुटली नव्हती," मी म्हणालो. "मी सोडली."

मुलानं मोबाइल खाली घेतला.

"तुम्ही?"

"सकाळी. पाहुणे येणार होते. बांधलेली देवी बरी दिसत नव्हती."

"आन् आत्याबाई बोलल्या तेव्हा तुम्ही तिथंच होते."

"होतो."

"माझ्या पोरीच्या हळदीले पण होते." वहिनींचा आवाज चढला. मी त्यांचा चढलेला आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. "पोट्टी रडून राहिली होती, आई, एक बोट तरी लाव म्हणून. मी नाही लावलं. तेव्हा तुम्हीच आले होते मले समजवाले. असं काही नसते म्हणे, वहिनी, अंधश्रद्धा आहे म्हणे. एवढं मोठं भाषण! आन् नाडा सोडला हे सांगाले काय झालं होतं? काहून नाही बोलले?"

मी काही बोलणार तेवढ्यात बायको म्हणाली, "वहिनी, जाऊ द्या आता, वय झालं त्यांचं." वय! मी तिच्यावर खेकसणार होतो, पण वहिनीच म्हणाल्या, "वय माझं नाही झालं का?"

त्या उठल्या. हात धुतले. सूनबाईनं नेसवलेल्या ज्येष्ठेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय बांधलं आहे? सोड सगळं. पिना आण. आन् यांले बाहेर काढ."

मला बाहेर काढलं. दार लोटून घेतलं. मी ओल्या धोतरावर ओसरीतल्या खुर्चीत बसलो.

त्यानंतरचं सांगायला नको, पण सांगतो. मुहूर्त संध्याकाळपर्यंतच होता. वहिनींनी ज्येष्ठेच्या निऱ्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. कोठीतलं धान्य कमी वाटलं म्हणून थांबवून आणखी गहू मागवले. पदर आखूड पडला म्हणून सगळी साडी पुन्हा सोडली. आतून नुसते हुकूम येत होते, ही पीन नको, दुसरी, अशी काय धरतेस, सरक तिकडं. भाकरी गार झाल्या. शेजारचे दोघं येऊन बसले, घड्याळाकडे बघू लागले. मुहूर्त टळायला आला. माझी साखर उतरत होती. मुलगा येऊन म्हणाला, "बाबा, बोलो ना बड़ी मम्मी को, जल्दी करें."

मी म्हणालो, "मी नाही बोलणार. तूच बोल."

तोही बोलला नाही.

शेवटी दार उघडलं. वहिनी घामाघूम बाहेर आल्या, बायकोला म्हणाल्या, "बोलवा आता सगळ्यांले," आणि माझ्या खुर्चीला वळसा घालून नळावर गेल्या. देव्या मी त्यानंतर पाहिल्या. निऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, बघायला हव्यात.

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. काही विचारायचं असलं तर मी समोर असताना सूनबाईला सांगतात, "विचार यांले, चहा घेतील काय." मी सूनबाईला सांगतो, घेईन म्हणावं. ती बिचारी दोघांच्या मध्ये उभी राहून हिंदीत वैतागते. कधी सुरू होईल बोलणं, ठाऊक नाही. ते विचारायचा हक्क मला नाही, आणि दुसरं कोणी विचारलेलंही मला आवडणार नाही.